वॉर्डाबाहेरच्या माणसांनी काय करावे?

मुलाच्या अवयव प्रत्यारोपणानंतरच्या दिवसांविषयी ठाणे आणि नवी मुंबईतून आलेली चार पत्रे या अंकात एकत्र घेतली आहेत. जागेअभावी ती संक्षिप्त केली असून नावे आणि ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. औषधांचे प्रमाण आणि पथ्य यांबाबत मात्र मुलावर प्रत्यक्ष उपचार करणाऱ्या डॉक्टरांचाच शब्द अंतिम मानावा.

प्रश्न : माझ्या सहा वर्षांच्या नातवावर तीन आठवड्यांपूर्वी नवी मुंबईतील एका रुग्णालयात यकृत प्रत्यारोपण झाले. यकृताचा भाग त्याच्या आईने, म्हणजे माझ्या सुनेने दिला. ती आता घरी आली आहे. नातू अजून रुग्णालयातच आहे आणि त्याच्याजवळ माझा मुलगा एकटा असतो. एकाच माणसाला पास मिळतो, त्यामुळे आम्ही सगळे नौपाड्याच्या घरात नुसते फोनकडे बघत बसतो. गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी ‘थोडे रिजेक्शन आहे’ असे सांगितले आणि घरात रडारड झाली. दहा वर्षांची नात आहे, तिच्यापुढे आम्ही काही बोलत नाही. आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती असतो, तोवर नातू घरी येईल असे म्हणतात. आम्ही नेमके काय करावे? — एक आजोबा, ठाणे (पश्चिम)

उत्तर : आजोबा, ज्या गोष्टीने घर हादरले तिच्यापासून सुरुवात करतो. रिजेक्शन म्हणजे बसवलेले यकृत गेले, असा अर्थ घरोघरी घेतला जातो आणि तो चुकीचा आहे. शरीराची प्रतिकारशक्ती नव्या अवयवाला परके समजून त्याच्यावर हल्ला करू लागते, आणि पहिल्या काही आठवड्यांत किंवा महिन्यांत असा प्रसंग अनेक मुलांच्या बाबतीत येतो. बहुतेक वेळा मुलाला काही त्रास जाणवण्यापूर्वीच रक्ततपासणीत यकृताची एन्झाइम्स वाढलेली दिसतात आणि त्यावरून डॉक्टरांना ते कळते. गरज पडल्यास बायोप्सी करतात, काही दिवस शिरेतून स्टेरॉइडचे मोठे डोस देतात आणि रोजच्या औषधाची मात्रा बदलतात. वेळेवर लक्षात आलेले असे रिजेक्शन बहुतांशी आटोक्यात येते. रोज सुई टोचून रक्त का काढतात, अशी तक्रार नातेवाईक करतात. ते रक्त याचसाठी काढलेले असते. स्टेरॉइडमुळे मुलाला अवेळी भूक लागते, झोप उडते आणि चिडचिड वाढते, हे आपल्या मुलाला आधीच सांगून ठेवा, म्हणजे रात्री दोन वाजता नातू आरडाओरडा करू लागला तर ‘हा असा कधीच नव्हता’ या विचाराने तो खचणार नाही.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येतो. वैद्यकीय समाजसेवेच्या कामात मी हे पुन्हा पुन्हा पाहिले आहे, की वॉर्डाबाहेरचे नातेवाईक आपल्या मदतीचे मोजमाप भेटींवरून करतात. ज्या मुलाची प्रतिकारशक्ती औषधांनी मुद्दाम दबवून ठेवलेली आहे, त्याच्या बाबतीत भेट ही मदत नसते. कित्येकदा ती जोखीमच असते. त्या मुलाला सर्वांत जास्त गरज असते ती त्याच्या उशाशी बसलेला माणूस शुद्धीवर, जेवलेला आणि झोपलेला असण्याची. आपले काम तो माणूस सांभाळण्याचे आहे.

तीन आठवडे एकटा माणूस रुग्णालयातील खुर्चीवर झोपत असेल तर औषधाची वेळ किंवा मात्रा ऐकण्यात त्याची चूक होण्याची शक्यता वाढते. त्यामुळे एक पर्यायी माणूस तयार करा. रुग्णालये सहसा रोज नवा चेहरा आत सोडत नाहीत आणि ते योग्यच आहे. पण ‘आमच्याकडून हे दोघेच येतील’ असे वॉर्डच्या सिस्टरांना आणि प्रत्यारोपण को-ऑर्डिनेटरना सांगून दुसऱ्या व्यक्तीला हात धुण्याची, मास्कची आणि औषधांच्या नोंदीची पद्धत शिकवून घेतली, तर बहुतेक ठिकाणी परवानगी मिळते. हा दुसरा माणूस धडधाकट हवा. ज्याला साधी सर्दी, खोकला, जुलाब किंवा अंगावर पुरळ आहे त्याने त्या दिवशी जिन्यापर्यंतही जाऊ नये. आपण ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलने जाणार असाल तर बदलीचा दिवस रविवारी ठेवू नका, कारण मेगाब्लॉक निघाला की इकडचा माणूस ठाणे स्थानकात आणि तिकडचा वॉर्डच्या दाराशी अडकतो. गर्दीच्या लोकलमधून उतरल्यावर वॉर्डात जाण्याआधी कपडे बदलता आले तर उत्तमच.

दुसरे काम वहीचे. एका जाड वहीत तारीख, औषध, वेळ, ताप, लघवीचे प्रमाण, त्या दिवशीच्या रक्ततपासणीचे आकडे आणि डॉक्टरांना विचारायचे प्रश्न लिहून ठेवावेत. डॉक्टर राउंडला येतात तेव्हा बापाच्या डोक्यातले सगळे प्रश्न पळून जातात. वहीतले पळत नाहीत. फोनचेही तसेच. मावशी, आत्या, सोसायटीतले काका आणि ऑफिसातले सहकारी यांचे रोजचे फोन बापाने घ्यावेत, अशी अपेक्षाच नको. ते काम आपण घ्या आणि रोज संध्याकाळी सर्वांना एकच संदेश पाठवा. ‘आज विशेष काही नाही’ हाही संदेशच असतो.

सुनेविषयी आपण पत्रात एकच वाक्य लिहिले आहे, म्हणून मी जरा जास्त लिहितो. तिच्यावर मोठी शस्त्रक्रिया झालेली आहे. यकृत हा पुन्हा वाढणारा अवयव आहे आणि काही आठवड्यांत ते बरेचसे भरून येते, हे खरे. पण पोटाचे स्नायू आणि थकवा यांचे वेळापत्रक निराळे असते. साधारण दोन महिने, काही वेळा त्याहून जास्त काळ, तिने जड वजन उचलायचे नाही, म्हणजे पाण्याची बादली नाही, किराणा नाही आणि घरी आल्यावर धावत येणारा मुलगाही नाही. येणारा प्रत्येक जण ‘बाळ कसे आहे’ विचारतो आणि ती दार उघडते, चहा करते. चहा दुसऱ्या कोणीतरी करावा. तिला नातवाशी रोज व्हिडिओ कॉलवर बोलू द्या, परंतु रिजेक्शनच्या बातमीनंतर ‘माझेच यकृत चांगले नव्हते का’ असा विचार तिच्या मनात येत असेल, तर तो को-ऑर्डिनेटरकडून किंवा शल्यचिकित्सकांकडून स्पष्टपणे खोडून घ्या. दात्याच्या यकृतात दोष असल्यामुळे असे रिजेक्शन होत नाही. जवळच्या नात्यातील यकृत असले तरी ते होऊ शकते.

नातीपासून सगळे लपवून ठेवण्याचा आपला निर्णय मला पटत नाही. दहा वर्षांच्या मुलीला घरातली कुजबुज ऐकू येते आणि न सांगितलेल्या जागा ती स्वतःच्या कल्पनेने भरते. भावाशी भांडल्यामुळे तो आजारी पडला, असे मानणारी मुले मी पाहिली आहेत. तिला सोप्या शब्दांत खरे सांगा: आईच्या यकृताचा तुकडा भावाला दिला, त्याच्या शरीराला तो ओळखीचा व्हायला वेळ लागतो आहे, त्यासाठी औषधे चालू आहेत. मुलगा आठवड्यातून एक रात्र घरी येऊ शकला तर ती रात्र तिची असावी. तिच्या शाळेचा डबा, गृहपाठ आणि पालकसभा ही आजी-आजोबांची हक्काची कामे आहेत, आणि माझ्या मते वॉर्डाबाहेर बसून फोनची वाट पाहण्यापेक्षा ती कितीतरी मोलाची आहेत.

गणपतीबद्दल. या वर्षी मूर्ती दुसऱ्या भावाच्या किंवा चुलतभावाच्या घरी बसवणे सर्वांत सोयीचे. ते शक्य नसेल तर नातवाला त्या दीड दिवसापुरते दुसरीकडे ठेवा, कारण दर्शनाला येणाऱ्या पन्नास माणसांपैकी कोणाला ताप आहे हे दारात ओळखता येत नाही. पहिले काही महिने गर्दी टाळावी असेच बहुतेक केंद्रे सांगतात. तीर्थ, पंचामृत, कापलेली फळे, खोबऱ्याची ओली चटणी, न शिजवलेले मोड आलेले कडधान्य, उसाचा रस आणि बर्फ हे त्याला देऊ नये. प्रसाद द्यायचाच तर घरी केलेला, वाफाळता उकडीचा मोदक आहारतज्ज्ञांना विचारून द्यावा. एका फळाचा उल्लेख मुद्दाम करतो: गणपतीच्या दिवसांत बाजारात येणारे पपनस. ग्रेपफ्रूटप्रमाणेच पपनसामुळेही टॅक्रोलिमस या मुख्य औषधाचे रक्तातील प्रमाण धोकादायक वाढू शकते, म्हणून ते त्या मुलाच्या घरात आणूच नये.

आणि गुळवेलीचा काढा नको. ‘प्रतिकारशक्ती वाढवणारे’ म्हणून प्रेमाने आणलेले प्रत्येक चूर्ण आणि काढा या मुलाच्या उपचाराच्या नेमका उलट दिशेने जातो, कारण इथे सगळी औषधे प्रतिकारशक्ती दाबून ठेवण्यासाठीच दिलेली असतात. शिवाय गुळवेलीच्या सेवनानंतर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद मुंबईच्याच डॉक्टरांनी 2021 मध्ये प्रसिद्ध केली आहे. आपल्या इमारतीच्या डक्टमध्ये किंवा खिडकीच्या जाळीबाहेर कबुतरांचा वावर असेल तर नातू येण्याआधी ती जागा बाहेरच्या माणसाकडून, ओली करून, स्वच्छ करून घ्या. कबुतरांच्या विष्ठेतील बुरशी अशा मुलांना घातक ठरू शकते. घरात तान्हे बाळ असेल तर त्याच्या तोंडावाटे दिल्या जाणाऱ्या लसींविषयी, म्हणजे पोलिओचे थेंब आणि रोटाव्हायरस यांविषयी, डॉक्टरांना आधी सांगा. मोठ्यांनी फ्लूची इंजेक्शनची लस घेऊन टाकावी.

प्रश्न : आमच्या सोसायटीतील एका रिक्षाचालकाच्या मुलीचे यकृत प्रत्यारोपण झाले आहे. आम्ही वर्गणी काढतो आहोत. मुलीचा आयसीयूतील फोटो टाकून आवाहन केले तर जास्त पैसे जमतील, असे काहींचे म्हणणे आहे. शासनाकडून काही मिळते का? — सोसायटीचे सचिव, कोपरखैरणे

उत्तर : फोटो टाकू नये. नळ्या लावलेल्या मुलीचे ते चित्र ती पंधरा वर्षांची झाल्यावरही कोणाच्या तरी मोबाइलमध्ये असेल, आणि त्या वेळी तिला कोणी विचारलेले नव्हते. रुग्णालयाचे खर्चाचे अंदाजपत्रक, रुग्णालयाच्याच खात्यात थेट पैसे भरण्याची सोय आणि सोसायटीच्या लेटरहेडवरचे पत्र एवढ्यावर विश्वासू माणसे पैसे देतात.

शासकीय मदतीसाठी रुग्णालयातील वैद्यकीय समाजसेवकाला आजच भेटा, कारण बहुतेक योजनांना शस्त्रक्रियेआधीचे किंवा उपचार चालू असतानाचे अर्ज लागतात आणि डिस्चार्जनंतर धावाधाव करून फारसे हाती लागत नाही. मुख्यमंत्री सहायता निधीतून प्रत्यारोपणासाठी अर्थसाहाय्य मिळते. त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, शिधापत्रिका, आधार आणि रुग्णालयाचे अंदाजपत्रक ही मुख्य कागदपत्रे. पंतप्रधान राष्ट्रीय सहायता निधीचा अर्ज निराळा असतो. रुग्णालय धर्मादाय न्यासाचे असेल तर निर्धन रुग्णांसाठी 10 टक्के आणि दुर्बल घटकांसाठी 10 टक्के खाटा राखून ठेवण्याचे बंधन त्याच्यावर असते, आणि त्याची चौकशी करायला लाज वाटून घेऊ नये.

एक सुचवतो. प्रत्यारोपणाचा खर्च डिस्चार्जच्या बिलाने संपत नाही. रोजची औषधे, सुरुवातीला दर आठवड्याच्या रक्ततपासण्या आणि अचानक ताप आल्यास पुन्हा भरती व्हावे लागणे, हे पुढे वर्षानुवर्षे चालते. जमलेल्या वर्गणीतील काही भाग औषधांच्या दुकानात खाते उघडून त्यासाठी राखून ठेवलात तर त्या कुटुंबाला त्याचा उपयोग सगळे विसरून गेल्यानंतर होईल. शिवाय रिक्षा बंद आहे म्हणजे उत्पन्न बंद आहे. दोन महिन्यांचा देखभाल खर्च सोसायटीने सोडून दिला तर तीही मदतच आहे आणि ती मागायला त्यांना कोणाच्या दारात जावे लागणार नाही.

प्रश्न : माझ्या तेरा वर्षांच्या मुलीला तिच्या वडिलांची किडनी दिली आहे. सध्या ती तापामुळे दुसऱ्यांदा भरती आहे. चेहरा सुजल्यासारखा गोल झाला आहे, ओठावर लव वाढली आहे. ती आरशाकडे बघत नाही, मैत्रिणींना भेटत नाही आणि काल सिस्टरांना उशीखाली दोन गोळ्या सापडल्या. आम्ही फार रागावलो. तिच्या बाबांनी आपले शरीर कापून दिले आणि ही अशी वागते. — एक आई, ऐरोली

उत्तर : आपला राग मला समजतो. तरीही शेवटचे वाक्य तिच्यासमोर पुन्हा कधीही उच्चारू नका. ज्या उपकाराची परतफेड करता येत नाही त्याचा उल्लेख रोज होऊ लागला की मुले त्या उपकारावरच रुसतात, आणि तो रुसवा गोळ्यांवर निघतो. वडिलांनी किडनी दिली हा वडिलांचा निर्णय होता. त्याची जबाबदारी तेरा वर्षांच्या मुलीवर टाकता येणार नाही.

गोळ्या लपवणे मात्र हलक्याने घेण्याजोगे नाही. पौगंडावस्थेत औषधे चुकवणे हे बसवलेली किडनी निकामी होण्याच्या मोठ्या कारणांपैकी एक आहे, आणि ते जगभरच्या प्रत्यारोपण केंद्रांना ठाऊक आहे. म्हणूनच डॉक्टरांना दोन गोळ्यांचा प्रकार लपवून न ठेवता सांगा. रक्तातील औषधाची लेव्हल कमी आली आणि त्यांना कारण माहीत नसले तर ते मात्रा वाढवतील, आणि मग मुलीने सगळ्या गोळ्या नीट घेतल्या तर तीच मात्रा जास्त होईल. टॅक्रोलिमस साधारणपणे बारा तासांच्या अंतराने देतात. लेव्हल तपासायच्या दिवशी सकाळची गोळी रक्त दिल्यानंतरच घ्यायची असते. घरून निघताना घाईत ती दिली गेली तर तपासणीचा उपयोग राहत नाही.

चेहऱ्याचे काय, हा प्रश्न आपल्याला दुय्यम वाटत असेल. तिला तो दुय्यम नाही. स्टेरॉइडची मात्रा काही महिन्यांत कमी होत जाते आणि तसा चेहराही बराचसा पूर्ववत होतो, हे तिला आपण सांगण्याऐवजी डॉक्टरांनी, तिच्याशी एकटीशी बोलून, सांगावे अशी विनंती करा. केस वाढणे कोणत्या औषधाने होते आहे आणि ते औषध बदलता येईल का, हे विचारण्याचा तिला हक्क आहे; काही मुलींच्या बाबतीत डॉक्टर तसा बदल करतातही. प्रत्यारोपण झालेल्या, तिच्याच वयाच्या किंवा थोड्या मोठ्या मुलीशी दोन्ही पालकांच्या संमतीने बोलणे घडवून आणता येईल का, हे को-ऑर्डिनेटरना विचारा. आईच्या दहा समजुतींपेक्षा अशा एका मुलीचे ‘माझाही असाच झाला होता’ हे वाक्य जास्त पोचते, असा अनुभव आहे.

औषधाची जबाबदारी एकदम तिच्यावर सोडू नका आणि पूर्णपणे हातातही ठेवू नका. डबी तिने भरावी, गजर तिच्या मोबाइलवर असावा आणि गोळी घेताना आपण तिथे असावे. पहारा ठेवण्यासाठी नव्हे, सकाळी एकत्र दूध पिण्याच्या निमित्ताने. मेडिकलमधून परस्पर कोणतेही औषध आणू नका. अंगदुखीसाठी सर्रास घेतले जाणारे आयब्युप्रोफेन किडनीला घातक ठरते, आणि एरिथ्रोमायसिनसारखी काही अँटिबायोटिक्स किंवा फ्लुकोनॅझोलसारखी बुरशीवरची औषधे टॅक्रोलिमसची लेव्हल वाढवतात.

आपण विचारलेले नाही, तरी लिहितो. दाता आणि पिता या दोन्ही नात्यांनी तिच्या बाबांवर जो ताण आहे तो घरात बोलला जातो का? पुरुष दात्याला ‘आता बरे वाटते ना’ एवढेच विचारले जाते आणि तो ‘हो’ म्हणून कामावर रुजू होतो. त्यांचीही वार्षिक तपासणी, रक्तदाब आणि लघवीची चाचणी चुकवू नये. एका किडनीवर माणूस सुरळीत आयुष्य जगतो, पण तिची विचारपूस करत राहावे लागते.

प्रश्न : आमच्या तिसरीच्या वर्गातील एक विद्यार्थी यकृत प्रत्यारोपणानंतर दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळेत येणार आहे. काही पालक विचारतात, याचा आजार आमच्या मुलांना लागेल का? — शिक्षिका, कळवा

उत्तर : बाई, प्रत्यारोपण संसर्गजन्य नाही. काळजी घ्यायची ती उलट बाजूने, वर्गातल्या मुलांचा आजार त्याला लागू नये म्हणून. ही मुले पुढे अभ्यास करतात, खेळतात, मोठी होतात. 1998 साली दिल्लीत ज्या वीस महिन्यांच्या मुलावर भारतातील पहिले यशस्वी बाल-यकृत प्रत्यारोपण झाले, वडिलांच्या यकृताचा भाग घेऊन, तो मुलगा पुढे स्वतः डॉक्टर झाला. पालकसभेत हे उदाहरण सांगायला हरकत नाही, पण विद्यार्थ्याचे नाव घेऊन त्याच्या आजाराची चर्चा त्याच्या पालकांच्या परवानगीशिवाय करू नये.

त्याला खिडकीजवळची, हवेशीर जागा द्या, त्याची पाण्याची बाटली आणि डबा वेगळा राहू द्या, औषधाच्या वेळेला वर्गाबाहेर जाण्याची मुभा द्या. पोटावर थेट मार बसेल असे खेळ डॉक्टर परवानगी देईपर्यंत टाळावेत. वर्गातील इतर मुलांच्या लसी वेळेवर झालेल्या असणे हेच त्याचे मोठे संरक्षण आहे, कारण गोवर किंवा कांजिण्यांच्या जिवंत विषाणूंच्या लसी त्याला सध्या सहसा देता येत नाहीत. वर्गात कोणाला कांजिण्या किंवा गोवर निघाल्याचे कळले तर दुसऱ्या दिवशीची वाट न पाहता त्याच दिवशी त्याच्या पालकांना फोन करा, कारण संपर्कानंतर द्यायची प्रतिबंधक औषधे पहिल्या काही दिवसांतच द्यावी लागतात.